रिलीव्हर येईपर्यंत

(दीपनगर येथे ११ जून रोजी झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तरी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं पाळ्यांमध्ये काढली आहेत. त्यांना मी आता सांगणार आहे ते नवीन नाही. पण त्यांच्या सुना, नातवंडं आणि भुसावळ-वरणगावहून आलेली मंडळीही इथं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. इथल्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये आमचा एक नियम होता. पाळी संपली, बाहेर बस येऊन उभी राहिली, तरी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, समोर दिसत नाही तोवर पॅनलची खुर्ची सोडायची नाही. तो आलाच नाही, तर पुढची पाळीही आपणच ओढायची. आणि आला तरी नुसतं ‘चला, येतो’ म्हणून निघायचं नाही. कोणता पंप चालू आहे, कोणता दुरुस्तीला काढलाय, ड्रम लेव्हल रात्री दोनदा का हलली, हे तोंडानं सांगायचं, लॉगबुकात लिहायचं. त्यानं सही केली की मग उठायचं.

२१० मेगावॅटच्या संचावर मला हे शिकवणारे गृहस्थ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे होते. आजचं व्याख्यान त्यांच्या स्मृतीसाठी आहे. वहिनींच्या इच्छेप्रमाणे मी त्यांचं नाव घेणार नाही. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, इथंही तेवढंच म्हणेन.

भाऊ आत्महत्येनं गेले. हे वाक्य मी चारचौघांत आज पहिल्यांदा उच्चारतोय. इतकी वर्षं आम्ही ‘अचानक गेले’ असंच म्हणत आलो. कुठे आणि कसे, हे मी सांगणार नाही. ते ऐकून कुणाचं भलं होत नाही, आणि इथं बसलेल्या एखाद्याच्या मनात तेच घोळत असेल तर त्याचं नुकसानच होतं. पण त्याआधीचे तीन महिने मात्र सांगणार आहे. ते माझ्या डोळ्यांसमोर घडले आणि मला वाचता आले नाहीत.

हिवाळ्यात आपल्याकडे भरिताच्या पार्ट्या होतात. शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजण्याचं काम दरवर्षी भाऊंचं. दुसऱ्या कुणी काडी सरकवली तरी ओरडायचे. त्या वर्षी ते आले आणि बांधावर बसून राहिले. वांगी एका बाजूनं करपली तरी उठले नाहीत. कळण्याची भाकरी हातात घेतली, एक घास मोडला आणि ताट तसंच कुत्र्यापुढे सरकवलं. रात्रपाळी करून घरी गेले तरी दिवसा झोप नाही, असं वहिनी माझ्या बायकोला सांगायच्या. पॅनलवर बोलणं कमी झालं. दाढी दोन-दोन दिवस तशीच. आम्ही काय म्हणालो? ‘वय झालं’, ‘घरचं काहीतरी असेल’, ‘पोराच्या नोकरीचं टेन्शन आहे’. तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या होत्या, म्हणून तर कुणी पुढे विचारलं नाही.

मग संक्रांतीच्या सुमाराला भाऊ एकदम हलके झाले. हसायला लागले. टपरीवरचं चहाचं जुनं खातं मिटवलं. एका हेल्परकडून कधीतरी घेतलेले पैसे त्याला बोलावून दिले. आणि एका संध्याकाळी आपला ट्रान्झिस्टर माझ्या हातात ठेवला. क्रिकेटच्या दिवसांत ते तो कानाला लावून फिरायचे. म्हणाले, ‘ठेव तुझ्याकडे, मला आता लागत नाही.’ मी घेतला. घरी येऊन नव्या बॅटऱ्या घातल्या आणि बायकोला म्हणालो, ‘भाऊ सावरले बरं का.’

जुन्या पॅनलवर चार्ट रेकॉर्डर असायचे. कागद सरकतो आणि पेन त्यावर रेघ ओढत जातं. चालू संचाची रेघ थोडी थरथरतेच. एकदा रात्री रेघ फार सुंदर सरळ आली म्हणून मी खूश झालो, तर भाऊ उठून आले आणि काचेवर टिचकी मारून म्हणाले, ‘इतकी सरळ रेघ आली की आधी पेन अडकलंय का बघायचं.’ हे मला शिकवणाऱ्या माणसाचीच रेघ एका रात्रीत सरळ झाली, आणि मी टिचकी मारली नाही. पुढे निवृत्तीनंतर ऐकून घेणाऱ्या स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा कळलं की बरेच दिवस खोल उदास असलेला माणूस कोणत्याही उपचाराविना, काही बदललेलं नसताना अचानक शांत झाला, तर ती काळजी करण्याची वेळ असते. कधी कधी त्याचा आतला झगडा संपलेला असतो, कारण त्यानं निर्णय घेतलेला असतो.

इथं एक गोष्ट थांबून सांगतो. या सभागृहात अशी घरं आहेत, ज्यांच्या दारातून माणूस असा गेला आहे. मागे वळून पाहिलं की सगळ्या खुणा ओळीनं दिसतात. पण जगत असताना त्या ओळीनं येत नाहीत, रोजच्या शंभर गोष्टींत मिसळून येतात. ट्रान्झिस्टर त्या दिवशी नुसताच ट्रान्झिस्टर होता. वहिनी, तुम्ही समोर बसला आहात. तुमच्यावर प्रेमापलीकडे कसलीच जबाबदारी नव्हती, आणि ती तुम्ही पार पाडली होती.

आज ११ जून. ही तारीख आम्ही मुद्दाम निवडली. १९५० साली याच दिवशी साने गुरुजींनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी स्वतःचं आयुष्य संपवलं. जन्मानं ते कोकणातल्या पालगडचे, पण त्यांना घडवलं आपल्या खानदेशानं. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. त्यातून झालेलं पुस्तक आपल्याकडे घरोघरी आहे. १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून केलेलं उपोषण, १९४८ च्या १५ ऑगस्टला सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक, हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

त्यांच्या जाण्याबद्दल दोन वाक्यं आपण लहानपणापासून ऐकत आलो. देशाची अवस्था त्यांना पाहवली नाही, हे एक. आणि ते फार हळवे होते, हे दुसरं. मला आता ही दोन्ही वाक्यं टोचतात. पहिल्यानं मरणाला हौतात्म्याचा मुलामा चढतो. वर्गात बसलेल्या एखाद्या संवेदनशील पोराला वाटू लागतं की मोठी माणसं अशीच जातात. दुसऱ्यानं दुःखाला स्वभावाचं नाव मिळतं. ‘तो आहेच हळवा’ असं एकदा म्हटलं की त्याच्या रडण्याकडे पुन्हा बघायला नको. घरात, कचेरीत, वर्गात आपण हा शिक्का किती सहज मारतो! ‘ती आहेच रडूबाई’, ‘तो आधीपासूनच घुम्या’. शिक्का मारला की आपलं बघणं बंद होतं. गुरुजींचं मोठेपण त्यांच्या जगण्यात होतं, त्या वसतिगृहातल्या उशाशी होतं. त्यांचं मरण ही एका थकलेल्या माणसाची असह्य वेदना होती, आणि असं कोणतंही मरण एकाच कारणाच्या खुंटीला टांगता येत नाही. आर्थिक ओढाताण, आजार, अपमान, एकटेपण, दारू, उपचार न झालेलं नैराश्य, असे अनेक धागे एकत्र पिळले जातात. वर्तमानपत्रात ‘कर्जाला कंटाळून’ किंवा ‘नापास झाल्याने’ असं दोन शब्दांत छापून येतं तेव्हा तसंच कर्ज असलेल्या दुसऱ्या घरात ते वाचलं जात असतं, हे पत्रकार मित्रांनी ध्यानात घ्यावं.

आता आपल्या बोलण्याकडे येतो. आपल्याकडे ‘मला आत्महत्या करावीशी वाटते’ असं सरळ कुणी म्हणत नाही. माणूस म्हणतो, ‘जीवाले कटाळा आला.’ म्हणतो, ‘आता वरच्यानं उचललं तर बरं.’ म्हणतो, ‘मी नसलो तर तुमचं ओझं तरी कमी होईल.’ किंवा काहीच न म्हणता मेहुण्याला सांगतो, ‘पोरांकडे लक्ष असू दे.’ यातली निम्मी वाक्यं आपण दिवसभर सहज बोलतो. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कुणाच्या जीवाला कटाळा येत नाही? म्हणून नुसतं वाक्य ऐकून चालत नाही, वाक्याच्या शेजारी काय बदललंय ते पाहावं लागतं. झोप उडाली का? खाणं सुटलं का? पिणं वाढलं का? रोज देवळात किंवा पारावर जाणारा घरात बसू लागला का? वस्तू वाटतोय का, हिशेब मिटवतोय का? नुकतंच काही हातातून गेलंय का? केळीची बाग वादळात आडवी झाली, खातेचौकशी लागली, लग्न मोडलं, निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात घर खायला उठलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, याआधी कधी प्रयत्न झाला होता का? ‘एकदा केलं, आता नाही करणार’ किंवा ‘नाटकं करते ती’ असं घरात बोललं जातं. आधीचा प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत ठळक खूण मानली जाते. तिला नाटक म्हणणं फार महागात पडतं.

खूण दिसली तर विचारायचं. कसं विचारायचं, हा प्रश्न मला मोठ्या शहरातले प्रशिक्षक शिकवत होते, तेव्हा मला माझी आजी आठवत होती. मराठीत हा प्रश्न तयारच आहे. ‘जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का रे?’ आपण हे शब्द फक्त धाक घालायला किंवा पोलिसांच्या जबाबात वापरतो. ते मायेनं, शेजारी बसून, हळू आवाजात वापरून बघा. आणि उत्तर मोघम आलं तर आडपडदा न ठेवता पुन्हा विचारा: ‘मरून जावं असं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?’ हा शब्द तोंडातून काढायला जड जातो. मी आरशासमोर उभा राहून म्हणून बघितला होता.

सगळ्यांची भीती एकच असते: नसलेला विचार आपणच त्याच्या डोक्यात घातला तर? ही भीती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यात २,३४२ शाळकरी मुलांवर एक अभ्यास झाला. काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, काहींना नाही. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: विचारल्यामुळे मुलांचा त्रास वाढला नाही, आणि जी आधीच खचलेली होती त्यांना उलट थोडं हलकं वाटलं. माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे. विचारलेला माणूस चिडत नाही. बहुतेक वेळा त्याचे खांदे खाली येतात.

उत्तर ‘हो’ आलं की आपली खरी परीक्षा सुरू होते, कारण आपल्याला लगेच बोलायचं असतं. ‘शुभ बोल रे नाऱ्या!’ ‘पोरांचं काय होईल याचा विचार कर.’ ‘लोकांना याहून मोठी दुःखं आहेत.’ ‘टेन्शन नको घेऊ.’ पॅनलवर अलार्म आला की बझर वाजतो आणि खिडकीतला दिवा लुकलुकतो. ऑपरेटर बटण दाबून बझर बंद करतो. नवशिक्याला वाटतं काम झालं. दिवा मात्र तसाच पेटलेला राहतो, कारण आतला दोष तिथंच असतो. आपली ही वाक्यं म्हणजे ते बटण. ऐकणाऱ्याच्या कानाला आराम पडतो, बोलणाऱ्याचा दिवा पेटलेलाच. त्याऐवजी ‘कधीपासून असं वाटतंय?’ म्हणा आणि गप्प बसा. रडला तर रडू द्या. उपदेश, किस्से, आपल्या मामाच्या कर्जाची गोष्ट, यांतलं काहीही मध्ये आणू नका. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ असं त्यानं विचारलं तर खोटी शपथ घेऊ नका. ‘तुझा जीव जाईल अशी गोष्ट मी एकट्यानं नाही ठेवणार, पण तुला विचारल्याशिवाय गावभर करणार नाही,’ असं सांगा.

मग विचारा की काही ठरवलंय का. ठरवलं असेल, आणि ते करायचं साधन जवळ असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि ते साधन त्याच्यापासून लांब करा. आपल्या शेतीच्या घरांत फवारणीच्या विषाला सगळे ‘औषध’ म्हणतात. माजघरात, तुळईवर, गोठ्यात डबे पडलेले असतात. अडचणीतला माणूस घरात असेल तेव्हा ते घरात नकोतच, नुसतं कुलूप लावून भागत नाही. शेजाऱ्याकडे ठेवा, दुकानदाराला परत द्या. श्रीलंकेनं १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली; पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. सगळ्या लोकांची दुःखं संपली होती असं नाही. ती घटका टळली होती.

घटका टळते, यावर माझा विश्वास एका अभ्यासानं बसवला. सॅन फ्रान्सिस्कोत १९३७ ते १९७१ या काळात अगदी शेवटच्या क्षणी अडवून परत आणलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं, हे एका संशोधकानं शोधलं आणि १९७८ मध्ये छापलं. सुमारे ९४ टक्के लोक एक तर जिवंत होते किंवा नैसर्गिक मरणानं गेले होते. ‘ज्याला जायचंच आहे त्याला ब्रह्मदेवही अडवू शकत नाही’ असं आपण सांत्वनाला गेल्यावर म्हणतो ना, ते खरं नाही. बहुतेकांना मरायचं नसतं. त्यांना ती वेदना थांबायला हवी असते, आणि त्या घटकेला दुसरी वाट दिसत नसते.

आकडे मी थोडेच सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. दर दहात सात पुरुष. आपण पुरुषांना रडू देत नाही, त्याचा हा हिशेब असावा असं मला वाटतं. पंचवीस हजारांवर गृहिणी. त्यांच्याबद्दल गावात ‘पाय घसरला’, ‘स्टोव्ह भडकला’ एवढंच ऐकू येतं. आणि शंभरात सव्वीस जण रोजंदारीवर जगणारे. हा आकडा वाचताना मला आपल्या गेटवर सकाळी रांगेत उभी राहणारी कंत्राटी पोरं दिसतात. ६६० मेगावॅटच्या नव्या संचाच्या कामावर किती मुलखांतून माणसं आली! फेकरीच्या आसपास एका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांची भाषा वेगळी, सणाला घरी जाता येत नाही, आणि कंत्राट संपलं की पुढे काय, हे कुणाला ठाऊक नाही. कॉलनीतल्या माणसाला शेजारी असतो. त्यांना कोण आहे?

गावातल्या साध्या माणसांना हे जमतं का, असा प्रश्न येतो. जमतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्याच गावांतल्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला, ऐकायला आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायला शिकवलं. सुरुवातीला नैराश्यानं ग्रासलेल्या शंभरातले चारच जण कुणाची मदत घेत होते. अठरा महिन्यांनी सत्तावीस जण घेऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात छापून आलं आहे. कापूस तोच, पाऊस तसाच लहरी. मधे विचारणारं कुणीतरी आलं होतं.

प्रयत्नातून वाचलेल्या माणसाबद्दल आता थोडं सविस्तर बोलतो, कारण इथं आपण सर्वांत कमी पडतो. दवाखान्यातून घरी आणलं की आठ दिवस बघायला येणाऱ्यांची रीघ असते, आणि मग सगळे गप्प होतात. त्याच्यासमोर विषय काढायचा नाही, असं ठरतं. खरं तर हेच आठवडे फार नाजूक असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, आपल्या चेन्नईसह, १,८६७ माणसांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांशी त्यासोबत एकदा तासभर नीट बोलणं झालं, आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: कसे आहात, काही लागतं का. पहिल्या गटात शंभरात दोनाहून जास्त माणसं आत्महत्येनं गेली, दुसऱ्यात हजारात दोन. त्याआधी जेरोम मोटो नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. दोन-तीन ओळी, उत्तराची सक्ती नाही. पहिली दोन वर्षं त्या गटात मृत्यू कमी राहिले.

हे वाचलं त्या दिवशी मी कपाटातून गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं काढली. पत्र माणसाला किती धरून ठेवतं हे त्यांच्याइतकं महाराष्ट्रात कुणाला कळलं असेल? आपल्या हातात आज फोन आहे. ‘गुड मॉर्निंग’चं फूल रोज पाठवतो. त्यातल्या एकाला, ज्याचं नाव आत्ता तुमच्या मनात आलं त्याला, फूल नको. ‘रविवारी येतोय, चहा ठेव’ एवढं लिहा. आणि रविवारी जा.

कायद्याची भीती घरोघरी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. ‘पोलीस केस होईल’ या धाकानं माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. त्याच्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेच्या ३०९ कलमासारखी नुसत्या प्रयत्नाबद्दलची सरसकट शिक्षा राहिलेली नाही. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर १०८. हे दोन आकडे आत्ता फोनमध्ये घालून घ्या, मी थांबतो.

आणि तुमच्यापैकी ज्याच्या स्वतःच्याच मनात हे चाललं असेल, त्याला म्हणतो: आज घरी जाण्याआधी मला नाहीतर शेजारी बसलेल्याला सांगा. ‘मला एकटं वाटतंय, थोडं थांबाल का?’ एवढं पुरे. मी इथून सर्वांत शेवटी निघणार आहे.

एक शेवटची गोष्ट, ज्याची आहे त्याच्या परवानगीनं. काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातला एक कंत्राटी मुलगा माझ्याकडे कागदपत्रं समजून घ्यायला यायचा. एका संध्याकाळी आला, मोटारसायकलची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘काका, गाडी तुम्ही वापरा. मला लागणार नाही.’ माझ्या पोटात खड्डा पडला. मी म्हटलं, ‘बस.’ बायकोला खुणेनं आत जायला सांगितलं. त्याच्या शेजारी बसलो आणि तो जड शब्द उच्चारला: ‘आत्महत्येचा विचार करतोयस का?’ तो बराच वेळ वर पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला, ‘हो.’

त्या रात्री मी फार काही केलं नाही. ऐकलं. त्याला घेऊनच १४४१६ लावला, तो बोलला. त्याच्या खोलीवर जाऊन जे लांब करायचं ते केलं. दोन वाजता त्याला भूक लागली, बायकोनं खिचडी टाकली, त्यानं थोडी खाल्ली. त्याला विचारून त्याच्या मोठ्या भावाला फोन केला. मी खुर्ची त्याच्या खाटेला लावून बसलो. दोनदा डोळे मिटत आले तेव्हा भाऊंचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला आणि मी ताठ बसलो.

पहाटेच्या गाडीनं त्याचा मोठा भाऊ आला. दारात उभा, धापा टाकत, काय विचारावं ते कळत नाही अशा चेहऱ्यानं. मी त्याला ओट्यावर नेलं आणि तोंडानं सगळं सांगितलं: किती झोपला, काय खाल्लं, काय बोलला, कशावरून रडला, जळगावला कोणत्या वेळी न्यायचं, तोवर त्याला एकटं का सोडायचं नाही. तेच कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहूनही दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आत गेला आणि माझ्या खुर्चीवर बसला.

तो बसल्यावर मी चपला घातल्या आणि दूध आणायला निघालो.